गाणे हाच पुरावा : रहस्यपटातील संगीताविषयीच्या एका रूढ मताचा प्रतिवाद

हिंदी चित्रपटांच्या समीक्षेत एक मत इतके रुळले आहे की ते मांडणाऱ्याला त्याच्या समर्थनार्थ काही सांगण्याची गरजही वाटत नाही. रहस्यपटाला गाणी मारक असतात, गाणे सुरू झाले की कथानक थांबते, थांबलेल्या कथानकात उत्कंठा विझते, आणि म्हणून बी. आर. चोप्रा यांचा ‘कानून’ (१९६०) व यश चोप्रा यांचा ‘इत्तेफाक’ (१९६९) हे बिनगाण्यांचे चित्रपटच काय ते खरे हिंदी रहस्यपट होत, बाकीचे म्हणजे रहस्याच्या दोऱ्यात ओवलेली गाण्यांची माळ, असे या मताचे स्वरूप आहे. या मताचा सर्वाधिक फटका राज खोसला यांच्या ‘वो कौन थी?’ (१९६४) या चित्रपटाला बसला आहे. मदनमोहन यांच्या चालींचे कौतुक सारेच करतात, पण ते चित्रपटापासून वेगळे काढून करतात. गाणी अजरामर आणि चित्रपट बेताचा, असा निवाडा देऊन समीक्षक मोकळे होतात. हा निवाडा चित्रपट नीट न ऐकता दिलेला आहे आणि त्यामागचा सिद्धान्त तर्काला, चित्रपटाच्या इतिहासाला व खुद्द या चित्रपटाच्या रचनेला धरून नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रतिपक्षाची बाजू आधी तिच्या सर्वांत भक्कम रूपात मांडली पाहिजे. रहस्यपटाचा प्राण घट्ट विणीत असतो, प्रत्येक प्रसंगाने पुढच्या प्रसंगाला धक्का द्यावा लागतो, आणि चार-साडेचार मिनिटांच्या गाण्यात असा धक्का नसतो, हा पहिला आक्षेप. गाण्यामागे वाजणारा वाद्यवृंद कथेतल्या जगात कोठेच नसल्यामुळे प्रेक्षकाचा विश्वास ढळतो, हा दुसरा. गाणी ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीसाठी आणि रेडिओवरील प्रसिद्धीसाठी घातली जात, कथेची गरज म्हणून नव्हे, हा तिसरा. आणि हिचकॉकसारख्या पाश्चात्त्य दिग्दर्शकांनी गाण्यांवाचून केवळ पार्श्वसंगीताच्या बळावर उत्कंठा उभी करून दाखवली, तेव्हा तोच आदर्श मानावा, हा चौथा. हे चारही आक्षेप वरवर पाहता सयुक्तिक वाटतात.

पहिल्या आक्षेपाच्या मुळाशी एक घोटाळा आहे. हिचकॉक यांनी धक्का आणि उत्कंठा यांत केलेला भेद प्रसिद्ध आहे. टेबलाखाली ठेवलेला बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला क्षणभर धक्का बसतो. पण बॉम्ब तेथे आहे हे प्रेक्षकाला आधीच कळलेले असेल आणि टेबलाभोवती बसलेली माणसे इकडच्या तिकडच्या गप्पा मारीत असतील, तर त्या निरर्थक गप्पांचे प्रत्येक मिनिट असह्य होते. म्हणजे धक्क्याला वेग लागतो, तर उत्कंठेला वेळ लागतो, आणि तोही असा वेळ की ज्यात वरवर काहीच घडत नाही. गाणे हा असाच वेळ आहे, शिवाय तो मोजलेला आहे. मुखडा म्हणजे गाण्याची सुरुवातीची, परत परत येणारी ओळ. अंतरा म्हणजे त्यानंतरचे कडवे. आणि अंतरा संपला की मुखडा पुन्हा येणार हे प्रत्येक श्रोत्याला ठाऊक असते. पडद्यावरच्या माणसावर संकट आहे हे प्रेक्षकाला माहीत असताना गाणे सुरू झाले, तर ते संपेपर्यंत काही करता येणार नाही ही जाणीवच उत्कंठेला धार लावते. गाण्यात घटना घडत नाहीत, ही तक्रार खरी मानली तरी त्यावरून उत्कंठा विझते असा निष्कर्ष निघत नाही. उत्कंठा कशाने वाढते याचे अज्ञान तेवढे त्यातून उघड होते.

‘वो कौन थी?’च्या बाबतीत तर ही तक्रारही खरी नाही, आणि हे कळण्यासाठी त्याच्या कथेचा सांगाडा लक्षात घेतला पाहिजे. डॉक्टर आनंद (मनोजकुमार) एका पावसाळी रात्री गाडीतून जात असताना पांढऱ्या साडीतली एक स्त्री (साधना) त्याला रस्त्यात भेटते. ती गाडीत बसताच काचेवरचे वायपर थांबतात आणि समोरचे काही दिसेनासे होते, तरी ती मात्र त्याला वाट दाखवीत राहते आणि एका स्मशानभूमीपाशी उतरते. या स्त्रीबरोबर ‘नैना बरसे’ हे गाणे त्याच्या आयुष्यात शिरते. पुढे आईच्या पसंतीने त्याचे लग्न होते, आणि वधूचा घुंघट दूर होतो तेव्हा समोर तोच चेहरा असतो. शेवटी उलगडा होतो तो असा : आनंदला वारसाहक्काने मिळणारी संपत्ती त्याचे मन ताळ्यावर असण्याच्या अटीशी बांधलेली आहे, त्याला वेडा ठरवले की ती दुसऱ्याला मिळणार आहे, आणि त्यासाठी पत्नीच्या जुळ्या बहिणीला भूत म्हणून उभे केलेले आहे.

या उलगड्याच्या प्रकाशात गाणे पुन्हा ऐकले की त्याचे कार्य स्पष्ट होते. कटाचा हेतू कोणाला गोळी घालण्याचा नसून एका शहाण्या माणसाला स्वतःच्या कानांवर व डोळ्यांवर अविश्वास ठेवायला लावण्याचा आहे, आणि त्या कामाचे प्रमुख हत्यार ‘नैना बरसे’ हे आहे. ते एकदा वाजून संपत नाही, तुकड्यातुकड्यांनी परत येते, धुक्यातून येते, कोठून येते ते आधी कळत नाही, आणि दर वेळी ते ऐकणाऱ्याला थोडे आणखी खिळखिळे करून जाते. म्हणजे गाणे चालू असते तेव्हा गुन्हा चालू असतो. त्या वेळी कथानक थांबते असे म्हणणे म्हणजे विषप्रयोग सुरू असताना मंचावर काही घडत नाही असे म्हणण्यासारखे आहे. हे गाणे काढून टाकले तर चित्रपट अधिक घट्ट होणार नाही. त्यातल्या गुन्हेगारांजवळ हत्यारच उरणार नाही.

गाण्याचा घाटही या कामाला फार उपयोगी पडला आहे. झपाटणे याचा व्यवहारातला अर्थ एखादी गोष्ट पाठ न सोडता परत परत येणे असा होतो, आणि मुखड्याचे कामही नेमके परत येण्याचे आहे. मदनमोहन यांची चाल भयाचे ठरीव संकेत जवळजवळ वापरतच नाही. तिच्यात किंकाळी नाही, कर्कश वाद्ये नाहीत, आहे ती लांबवलेल्या स्वरांची विरहाची आर्जवी चाल, लता मंगेशकर यांच्या आवाजात. भीती चालीत नाही, परत येण्यात आहे. पहिल्यांदा ऐकताना जी चाल केवळ सुंदर वाटते तीच तिसऱ्यांदा ऐकताना अंगावर काटा आणते, कारण दरम्यान श्रोत्याचे ज्ञान बदललेले असते, चाल बदललेली नसते. असे परिणाम साधण्यासाठी आधी चाल पूर्णपणे कानात बसावी लागते, आणि ते काम पार्श्वसंगीताच्या चार-दोन स्वरांच्या तुकड्यापेक्षा मुखडा-अंतऱ्यांचे पुरे गाणे अधिक चांगले करते. राज खोसला स्वतः गायक होण्याच्या उमेदीने चित्रपटसृष्टीत आले होते, हे येथे केवळ चरित्रातला तपशील म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

‘लग जा गले’ या गाण्याचा विचार याच अंगाने केला पाहिजे. चित्रपटाबाहेर ते निखळ प्रेमगीत म्हणून ऐकले जाते आणि तसे ऐकण्यात काही चूक नाही. चित्रपटात मात्र ते अशा वेळी येते की समोरची स्त्री पत्नी आहे की मृत स्त्रीची छाया आहे, याविषयी नायकाच्या मनाचा निर्णय झालेला नाही, आणि प्रेक्षकाचाही नाही. जवळ घे, ही भेट पुन्हा होईल न होईल, या आशयाची विनवणी पत्नीच्या तोंडी हळवी ठरते. तीच मृत स्त्रीच्या तोंडी आली तर सरळ धमकी ठरते. राजा मेहदी अली खाँ यांच्या रचनेत असा एकही शब्द नाही की ज्यामुळे या दोहोंपैकी एक अर्थ बाद व्हावा. नायक तिच्याकडे ओढलाही जात आहे आणि तिला भीतही आहे. ती जितके गोड गाते तितका त्याचा पेच वाढतो. संवादांनी हे साधायचे म्हटले असते तर दिग्दर्शकाला कोणती तरी एक बाजू घ्यावी लागली असती. संशय शाबूत ठेवून जवळीक दाखवणे गाण्यालाच शक्य झाले आहे.

दुसरा आक्षेप वास्तवतेचा आहे, आणि तो तपासण्यासाठी चित्रपटसंगीताचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. जे संगीत कथेतल्या पात्रांना ऐकू येते ते कथाविश्वातले संगीत, आणि जे फक्त प्रेक्षकाला ऐकू येते ते पार्श्वसंगीत. रहस्यकथेचा एक जुना दंडक असा आहे की शोध घेणाऱ्याला जेवढे दुवे मिळतात तेवढेच वाचकालाही मिळाले पाहिजेत, आणि शेवटी प्रत्येक दुव्याचा हिशेब लागला पाहिजे. या दंडकाने पाहिले तर पार्श्वसंगीत हा प्रकार अधिक संशयास्पद ठरतो. ते पात्राला ऐकू येत नाही, ते कोणी वाजवले याचा जाब शेवटी कोणी विचारीत नाही, भूत नसतानाही भुताचा आभास निर्माण करून ते नामानिराळे राहते. उलट कथाविश्वातले गाणे ही नायकाने स्वतःच्या कानांनी ऐकलेली वस्तुस्थिती असते. कोणी तरी ते गायले असले पाहिजे, आणि ते कोण, हे सांगितल्याशिवाय उलगडा पुरा होत नाही. गाणे हा पुरावा आहे, आणि पुराव्याची जबाबदारी दिग्दर्शकाला टाळता येत नाही.

कमाल अमरोही यांच्या ‘महल’पासून (१९४९) ही रीत स्पष्ट दिसते. जुन्या वाड्यात रात्री ‘आयेगा आनेवाला’चे स्वर ऐकू येतात, नायक त्या आवाजामागे खेचला जातो, आणि शेवटी कळते की गाणारी कोणी मृत कामिनी नसून माळ्याची मुलगी आहे. फ्रेंच अभ्यासक मिशेल शिआँ यांनी ज्याचा उगम पडद्यावर दिसत नाही अशा आवाजाच्या सामर्थ्याविषयी विस्ताराने लिहिले आहे. शरीर दिसत नाही तोवर असा आवाज सर्वत्र असल्यासारखा व सर्व जाणत असल्यासारखा वाटतो, आणि शरीर दिसताच त्याची सत्ता संपते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. ‘महल’चे संगीतकार खेमचंद प्रकाश यांनी हे सूत्र, त्याला सैद्धान्तिक नाव मिळण्यापूर्वी कितीतरी आधी, एका गाण्यात बांधले होते. दुरून जवळ येणाऱ्या आवाजाचा भास व्हावा म्हणून लताबाईंना मायक्रोफोनपासून लांब उभे करून गात गात पुढे यायला लावले होते, अशी हकीकत सांगितली जाते. आणि त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे म्हणून कामिनी हे पात्राचेच नाव छापलेले होते, त्यामुळे हा आवाज कोणाचा हा कथेतला प्रश्न रेडिओच्या श्रोत्यांनाही काही काळ पडला.

राहिला प्रश्न गाण्यामागच्या वाद्यवृंदाचा, म्हणजे स्मशानातल्या व्हायोलिनांचा. ‘लाइफबोट’ (१९४४) या चित्रपटाच्या वेळी भर समुद्रात संगीत येणार कोठून, असा सवाल हिचकॉक यांनी केला असता, कॅमेरा कोठून आला ते आधी सांगा, असे उत्तर संगीतकार डेव्हिड रॅक्सिन यांनी दिल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. गाणारा कंठ कथेतला आणि साथ संकेताने मानलेली, हा करार प्रेक्षक सहज पाळतो. संगीत नाटकात वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला तर तो शिकवावाही लागत नाही. शिवाय पार्श्वगायनाचा संकेत, म्हणजे पडद्यावरच्या नटीने ओठ हलवायचे आणि आवाज दुसऱ्या गायिकेचा असायचा ही पद्धत, या प्रकारच्या रहस्याला विलक्षण अनुकूल आहे. एका चेहऱ्याच्या दोन स्त्रिया हा ‘वो कौन थी?’चा विषय, आवाज आणि शरीर यांची फारकत ही पार्श्वगायनाची मूळ अट. त्या काळी बहुतेक नायिका लताबाईंच्याच आवाजात गात असल्याने आवाजावरून स्त्री ओळखण्याचा मार्ग प्रेक्षकाला बंद होता, आणि चित्रपटाने या मर्यादेचाच उपयोग करून घेतला. ध्वनिमुद्रण वेळेवर होऊ न शकल्यामुळे ‘नैना बरसे’चे चित्रीकरण मदनमोहन यांनी स्वतःच्या आवाजात गायलेल्या मुद्रणावर झाले, असेही नमूद आहे. चित्रीकरणाच्या वेळी साधनाचे ओठ एका पुरुषाच्या आवाजावर हलत होते, आणि पडद्यावर त्याचा मागमूस लागत नाही. ज्या माध्यमात आवाज आणि देह यांचा संबंध इतका सैल आहे, त्या माध्यमाने त्या सैलपणाचेच रहस्य केले तर तो दोष कसा ठरेल?

तिसरा आक्षेप धंद्याचा आहे. गाण्यांवर निर्मात्याचा गल्ला अवलंबून असे, हे निर्विवाद आहे. पण एखाद्या गोष्टीचा बाजारात उपयोग होतो म्हणून तिचा कथेत उपयोग नाही, हा तर्क टिकत नाही. याची साक्ष मराठी चित्रपटातच मिळते. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी १९६४ मध्ये ‘पाठलाग’ काढला. पत्नी गेली असे पती जाणतो, आणि तिच्याच चेहऱ्याची स्त्री आरोपी म्हणून न्यायालयात उभी राहते, असा त्याचा पेच. ग. दि. माडगूळकर यांचे शब्द, दत्ता डावजेकर यांची चाल आणि आशा भोसले यांचा स्वर लाभलेले ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ हे गाणे, प्रिय माणसाची पाठ न सोडणाऱ्या नजरेचे, या पेचाच्या केंद्रस्थानी आहे. दोनच वर्षांनी राज खोसला यांनी याच कथेवर ‘मेरा साया’ (१९६६) काढला, तेव्हा भाषा बदलली, नट बदलले, संगीतकार बदलला, पण पाठ न सोडणाऱ्या सोबतीचे गाणे आपल्या जागी राहिले आणि हिंदी चित्रपटाचे नावही त्याच कल्पनेवरून ठेवले गेले. गाणे केवळ विक्रीची पुरवणी असते तर नव्या चित्रपटात नव्या बाजाराला साजेसे भलतेच गाणे घालता आले असते. ते झाले नाही, कारण मेलेली पत्नी आणि कठड्यातली आरोपी यांना जोडणारा धागा काढला तर न्यायालयातल्या जबान्या तेवढ्या उरतात, आणि पतीच्या मनात चाललेला खटला प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही.

गाणी आधीच रेडिओवरून कानावर पडल्यामुळे रहस्याची हवा जाते, ही याच आक्षेपाची उपशाखा. तिला उत्तर देण्यासाठी चौथ्या आक्षेपाकडे, म्हणजे हिचकॉक यांच्याकडेच वळणे सोयीचे आहे. ‘द मॅन हू न्यू टू मच’ (१९५६) या चित्रपटात लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये चाललेल्या मैफलीत झांजांचा एक आघात होईल त्या क्षणी हत्या व्हायची आहे. तो आघात नेमका कोठे येतो हे मारेकऱ्याला ध्वनिमुद्रिका वाजवून आधी दाखवले जाते, आणि त्याबरोबर प्रेक्षकालाही. पुढे सुमारे १२ मिनिटे संवादाचा शब्दही न येता आर्थर बेंजामिन यांची रचना वाजत राहते, आणि चाल माहीत असल्यामुळेच प्रेक्षक प्रत्येक स्वर मोजीत बसतो. माहीत असलेले संगीत उत्कंठेला मारते हा समज येथेच निकालात निघतो. त्याच चित्रपटात अपहरण झालेल्या मुलाची आई वकिलातीत मुद्दाम मोठ्याने गाणे म्हणते, वरच्या मजल्यावर कोंडलेला मुलगा ते ओळखून शीळ घालतो, आणि त्या शिळेवरून त्याचा ठावठिकाणा लागतो. ‘के सेरा सेरा’ या त्या गाण्याला पुढे ऑस्कर पारितोषिक मिळाले, ते खूप विकलेही गेले, आणि तरी कथेतला निर्णायक दुवा तेच राहिले.

हे उदाहरण एकटे नाही. हिचकॉक यांच्या ‘द लेडी व्हॅनिशेस’मध्ये (१९३८) एका धुनेत गुप्त संदेश दडलेला आहे. फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ (१९३१) या चित्रपटात पार्श्वसंगीत नाहीच, पण खुनी माणूस ग्रीग यांची एक धून शिळेवर वाजवीत असतो, आणि फुगे विकणारा आंधळा त्या शिळेवरून त्याला ओळखतो. म्हणजे पाश्चात्त्य रहस्यपटाच्या परंपरेतही पात्रांच्या कानावर पडणारी धून हा दुवा म्हणून वापरण्याची रीत जुनी व प्रतिष्ठित आहे. ‘सायको’च्या (१९६०) न्हाणीघरातल्या प्रसंगामागचे बर्नार्ड हरमन यांचे केवळ तंतुवाद्यांचे संगीत अद्भुत आहे, पण तो एक मार्ग आहे. त्याला एकमेव ठरवून हिंदी चित्रपटाला मोजणाऱ्यांनी हिचकॉक यांचेही अर्धेच काम पाहिलेले असते.

‘कानून’ आणि ‘इत्तेफाक’ यांचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते बिनगाण्यांचे आहेत, बिनसंगीताचे नाहीत. दोन्ही चित्रपटांचे पार्श्वसंगीत सलिल चौधरी यांचे आहे, आणि झपाटलेल्या प्रेमाची कथा सांगणाऱ्या ‘मधुमती’ची (१९५८) गाणीही त्यांचीच आहेत. एकाच संगीतकाराने दोन्ही वाटा चोखाळल्या, कारण कथांची जात वेगळी होती. ‘कानून’ न्यायसंस्थेपुढचा प्रश्न मांडतो, ‘इत्तेफाक’ एका घरात एका रात्रीपुरता कोंडलेला आहे. दोन्हींत प्रश्न हत्या कोणी केली हा आहे. ‘महल’, ‘वो कौन थी?’ आणि ‘मेरा साया’ यांत प्रश्न समोरची स्त्री कोण हा आहे. पहिल्या प्रश्नाला जबान्या आणि वस्तू यांचा पुरावा पुरतो. दुसऱ्याला चेहरा आणि आवाज यांचा पुरावा लागतो, आणि आवाजाच्या पुराव्याचे चित्रपटातले रूप गाणे हे आहे. एका जातीच्या कथेचा नियम दुसऱ्या जातीच्या कथेला लावून तिला कमी लेखणे ही वर्गीकरणातली चूक आहे, तिला अभिरुचीचे नाव देता येणार नाही.

या प्रतिवादाचा अर्थ प्रत्येक गाण्याचे समर्थन असा मात्र नाही. खुद्द ‘वो कौन थी?’मधले ‘टिकी रिकी टिकी रिकी टकोरी’ कथेला काहीही देत नाही. ‘गुमनाम’मध्ये (१९६५) शीर्षकगीत वातावरण उभारते, तर मेहमूद यांचे ‘हम काले हैं’ ते बाजूला सारून वेगळ्याच चित्रपटात घेऊन जाते. अशा गाण्यांपुरता मूळ आक्षेप खरा आहे. पण तो त्या गाण्यांवरचा आक्षेप आहे. वाईट संवादांमुळे कोणी संवादमात्राला बंदी घालीत नाही. रहस्यपटातल्या गाण्याची परीक्षा तीन प्रश्नांनी व्हावी : ते कथेतल्या कोणाच्या कानावर पडते, त्यामुळे त्याची समजूत किंवा कृती बदलते का, आणि शेवटच्या उलगड्यात त्याचा हिशेब लागतो का. या कसोटीवर ‘टिकी रिकी’ नापास होते आणि ‘नैना बरसे’ इतक्या चोखपणे उतरते की चित्रपटातला दुसरा कोणताही पुरावा त्याच्या बरोबरीला येत नाही.

तेव्हा गाणी थोर आणि चित्रपट बेताचा, हा निवाडा मागे घेतला पाहिजे. ‘वो कौन थी?’च्या कथेत काही योगायोग ताणलेले आहेत, शेवटचा उलगडा घाईचा आहे, याविषयी दुमत नसावे; पण ज्या अंगावर टीकाकार बोट ठेवतात तेच त्याचे सर्वांत काटेकोर रचलेले अंग आहे. मदनमोहन यांना थोर संगीतकार म्हणून गौरवायचे आणि त्यांच्या चालींनी चित्रपटात काय काम केले हे मात्र पाहायचे नाही, या रीतीने त्यांच्या गौरवातून नाट्यदृष्टी वजा होते आणि राज खोसला यांच्या पदरी केवळ गाणी सुरेख चित्रित करण्याचे श्रेय उरते. हिंदी रहस्यपटाचा इतिहास लिहिताना बिनगाण्यांच्या दोन चित्रपटांना शिखर ठरवून बाकीच्यांना पायथ्याशी बसवण्याऐवजी, साक्षीपुराव्यावर चालणारा रहस्यपट आणि आवाजावर चालणारा रहस्यपट अशा दोन परंपरा मानणे आणि प्रत्येकीला तिच्या नियमांनी जोखणे, एवढेच समीक्षेकडून अपेक्षित आहे. त्यासाठी समीक्षकाला चित्रपट पाहण्याबरोबर तो ऐकावाही लागेल.